इंग्रजी उतारे : माहितीचे सुटतात, मतांचे चुकतात. सराव कसा घ्यावा?

देवगड_अभ्यासिका

देवगड तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी अभ्यासिका चालते. मुलं अकरावी-बारावीची आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची, दहावीपर्यंत सगळी मराठी माध्यमाची. बरीचशी बँकेच्या परीक्षांची तयारी करतात. एक मुलगी नर्सिंगची आहे, ती आयईएलटीएस ॲकॅडेमिक (परदेशी शिक्षण-नोकरीसाठी मागतात ती इंग्रजीची परीक्षा) देणार आहे.

अडचण अशी की पाऊस कसा पडतो, लस कशी काम करते असल्या उताऱ्यावर आठातले सहा-सात प्रश्न बरोबर येतात. अग्रलेख किंवा स्तंभलेख आला की तीन-चारावर गाडी थांबते. शब्द अडतात म्हणावं तर तेही नाही, सुटे शब्द विचारले तर अर्थ सांगतात.

सध्याची पद्धत : रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख, अवघड शब्दांवर मराठी अर्थ लिहायचे, एकाने मोठ्याने वाचायचं, मग प्रश्न. एकूण तासभर.

दोन्ही प्रकारांचा सराव वेगवेगळा घ्यायचा का, आणि घ्यायचा तर कसा? उतारे कुठून आणि किती लांबीचे निवडायचे? मासेमारी, आंबा, जांभा असे इथलेच विषय घेतले तर मुलांना सोपं जाईल का? प्रश्न आम्हालाच काढावे लागतात, त्याबद्दलही कोणी सांगितलं तर बरं होईल.

---

समासातली_पेन्सिल

वेगळा घ्यायचाच. दोन्हीकडे लक्ष ठेवायची जागा निराळी असते.

माहितीच्या उताऱ्यात कशामुळे काय झालं हे पाहायचं. जांभ्याचंच घ्या. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे खडकातली सिलिका विरघळून वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात, लोहामुळे दगड तांबडा दिसतो. खाणीत तो मऊ असतो म्हणून चिरे कापता येतात, हवा लागून सुकला की कठीण होतो. हे वाचताना मुलांनी कागदाच्या कडेला चौकटी आणि बाण काढायचे, चौकटीत दोन-तीन शब्दांहून जास्त नाही. प्रश्न बहुतेक वेळा बाणावर येतो. चुकीचा पर्याय बाण उलटा करतो (लोह वाढल्यामुळे सिलिका निघून जाते), नाहीतर मधली चौकट गाळून टोकाची दोन जोडतो. 'रिझल्ट्स इन' आणि 'रिझल्ट्स फ्रॉम' या जोडीवर एक दिवस खर्च करा. पहिल्यात परिणाम पुढे येतो, दुसऱ्यात कारण पुढे येतं, आणि घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. 'सिन्स', 'ॲज' हे 'बिकॉज'च्या जागी येतात आणि 'व्हाइल' हा 'ऑल्दो'च्या जागी येतो, हेही त्याच दिवशी सांगून टाका.

मताच्या उताऱ्यात बाण काढून फारसं काही हाती लागत नाही. तिथे प्रत्येक वाक्याला विचारायचं : हे कोण बोलतंय? लेखक, सरकार, लेखकाचे विरोधक, की नुसतेच 'मेनी पीपल'? समासात ले, स, वि, लो अशी अक्षरं टाकायला लावा. तुमची मुलं चुकतात ती बहुधा इथेच. स्तंभलेखक दुसऱ्याचं म्हणणं आधी नीट मांडतो, कधीकधी ते मान्यही करतो, आणि मग उलटतो. मुलं मांडणीलाच मत समजतात.

एक वाक्य फळ्यावर लिहून पाहा. विषय पावसाळी मासेमारी बंदीचा :

"क्रिटिक्स ऑफ द बॅन आर राइट दॅट टू मन्थ्स विदाउट अ कॅच हर्ट बोट क्रूज; व्हॉट दे ओव्हरलुक इज दॅट ॲन एम्प्टी सी विल हर्ट देम ऑल इयर."

आता विचारा, लेखक बंदीच्या बाजूने की विरुद्ध? 'आर राइट' दिसलं की निम्मा वर्ग विरुद्ध म्हणणार. पहिल्या तुकड्यात वि लिहायचं आणि वर छोटी बरोबरची खूण करायची, कारण लेखकाने तेवढं मान्य केलंय. 'व्हॉट दे ओव्हरलुक'पासून ले सुरू होतो. 'ग्रँटेड', 'ॲडमिटेडली', 'टू बी शुअर', 'इट इज ट्रू दॅट' यांतलं काही आलं की पुढे दोन-तीन ओळींत 'बट' किंवा 'यट' येणार असं धरूनच वाचायचं.

लेखकाचं मुख्य म्हणणं पहिल्या परिच्छेदात असेलच असं नाही. पहिल्यात बऱ्याचदा चालू समजूत सांगितलेली असते आणि खरं म्हणणं पहिल्या 'हाउएव्हर'नंतर किंवा शेवटच्या दोन परिच्छेदांत सापडतं. म्हणून मताच्या उताऱ्यात पहिला आणि शेवटचा परिच्छेद लागोपाठ वाचायचे. दोन्ही एकाच दिशेने बोलत नसतील तर शेवटच्याकडे झुकायचं आणि वळण कुठे आलं ते मधे शोधायचं.

मग येते जोराची बाब. 'मस्ट', 'शुड', 'कुड', 'मे' यांची उतरंड मुलांना पाठ असते, पर्याय वाचताना मात्र विसरतात. उताऱ्यात 'मे रिड्यूस' आणि पर्यायात 'विल रिड्यूस' असेल तर पर्याय चूक, बाकी शब्दन् शब्द जुळला तरीही. तसंच 'सम' चं 'मोस्ट' होणं, 'ऑफन' चं 'ऑल्वेज' होणं. आणि 'फ्यू फिशरमेन सपोर्ट इट' म्हणजे पाठिंबा जवळजवळ नाहीच, 'अ फ्यू' म्हणजे काहींचा आहे. 'हार्डली', 'फार फ्रॉम', 'फेल टू', 'अनलेस' यांत नकार आहे पण 'नॉट' दिसत नाही. अशा शब्दांभोवती गोल करायची सवय लागली की मोठ्या चुका कमी होतात.

मोठ्याने वाचन परीक्षेच्या सरावातून काढून टाका. उच्चारासाठी वेगळं ठेवा हवं तर. मोठ्याने वाचणाऱ्याचं सगळं लक्ष उच्चारावर जातं, ऐकणारे त्याच्या वेगाने फरफटतात, आणि मागे जाऊन वाक्य पुन्हा पाहणं कोणालाच जमत नाही.

---

वेंगुर्ल्याची_मास्तरीण

वरचं पटलं. मी निवडीबद्दल लिहिते, कारण रोज अग्रलेख ही सुरुवातच चुकीच्या टोकाकडून आहे. अग्रलेख लिहिणारा धरून चालतो की वाचकाला आठवडाभराच्या बातम्या माहीत आहेत. संदर्भच नसेल तर मुलगा अंदाज करतो, आणि आपण म्हणतो त्याचं आकलन कच्चं.

सुरुवात वाचकांच्या पत्रांपासून करा. शंभर-दीडशे शब्द, एक म्हणणं, एक-दोन कारणं. पत्राखाली मुलांनी एवढंच लिहायचं : म्हणणं काय, कारण काय, कोणाविरुद्ध. पंधरा-वीस पत्रं अशी झाली की चारशे-पाचशे शब्दांचे छोटे स्तंभ. अग्रलेख त्यानंतर.

माहितीच्या उताऱ्यांसाठी एनसीईआरटीची आठवी ते दहावीची विज्ञान आणि भूगोलाची इंग्रजी पुस्तकं सरळ आहेत, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. त्यातलं दीड पान म्हणजे एक उतारा. पुढे 'इंडियन एक्सप्रेस'चं 'एक्स्प्लेन्ड' पान, बातमीमागची माहिती समजावून सांगणारं.

जोडी लावून वाचायला द्या. आज एखाद्या विषयाचं 'एक्स्प्लेन्ड', उद्या त्याच विषयावरचा अग्रलेख. पहिल्या दिवशी संदर्भ आणि शब्द कळतात, दुसऱ्या दिवशी मुलांचं डोकं फक्त लेखकाची बाजू शोधण्यात लागतं. शिवाय एकच माहिती घेऊन दोघांनी काय वेगळं केलं हे आयतं समोर येतं : पहिल्याने आकडा सांगितला, दुसऱ्याने तोच आकडा 'मिअर' किंवा 'स्टॅगरिंग' लावून सांगितला.

गावात इंग्रजी पेपर उशिरा येतो किंवा येतच नाही, ही अडचण सरावापुरती अडचण नाहीच. तालुक्याच्या वाचनालयात विचारा, रद्दीत जाणारे अंक मागून घ्या. सहा महिन्यांपूर्वीचा स्तंभ सरावाला तितकाच चांगला, उलट बातमी थंड झालेली असल्यामुळे मुलं आपलं मत कमी घुसवतात.

कठीणपणा मोजायची साधी रीत : उताऱ्यातले कुठलेही शंभर शब्द घ्या आणि अनोळखी शब्द मोजायला सांगा. चार-पाचांपर्यंत असतील तर उतारा सरावाचा. दहा असतील तर तो शब्दसंग्रहाचा तास झाला, आकलनाचा नव्हे.

वेळ अशी वाटा. साडेचारशे शब्दांचा उतारा, पहिलं वाचन तीन ते चार मिनिटं, पेन्सिल खाली. दुसरं वाचन पेन्सिल घेऊन, पाच मिनिटं. आठ प्रश्नांना आठ मिनिटं. उरलेला अर्धा तास, हो, अर्धा, उत्तरं तपासायला. बरोबर पर्याय का बरोबर हे सगळेच सांगतात. प्रत्येक चुकीच्या पर्यायात नेमका कुठला शब्द चुकीचा, त्यावर बोट ठेवायला लावा. आठवड्याला पाच उतारे पुरतात : सुरुवातीला तीन माहितीचे, दोन मतांचे, महिन्याभराने उलट.

---

खाडीपलीकडे

स्थानिक विषयांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वाचायला घ्या, पण परीक्षा घ्यायला नको. निदान मताच्या उताऱ्यात तरी नको.

ज्या मुलाच्या घरी ट्रॉलर आहे, त्याला एलईडी मासेमारीवरचा (रात्री प्रखर दिव्यांनी मासळी ओढून पकडण्यावरचा) लेख दिला तर तो लेख वाचतच नाही. त्याचं उत्तर घरून ठरवून आलेलं असतं. जी मुलं रापणीवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या घरची, त्यांचंही तेच, फक्त उलट दिशेने. गुण दोघांचे जातात, आणि आपल्याला वाटतं इंग्रजी कच्चं.

आयईएलटीएस देणाऱ्या मुलीला तर याचा जास्तच धोका आहे. तिथे साठ मिनिटांत तीन उतारे आणि चाळीस प्रश्न असतात, आणि 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' नावाचा एक प्रकार असतो. समजा उताऱ्यात एवढंच आहे : पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना सूट असते. आता तीन विधानं.

बंदी दोन महिन्यांच्या आसपास असते : ट्रू. बंदी सगळ्या होड्यांना लागू असते : फॉल्स, कारण उतारा उलट सांगतो. बंदीच्या काळात बाजारात मासळी महागते : नॉट गिव्हन. देवगडचं पोर तिसऱ्याला डोळे मिटून ट्रू लिहिणार. सुरमईचा जुलैतला भाव त्याला तोंडपाठ असतो. पण उतारा त्याबद्दल गप्प आहे, आणि परीक्षेत विचारतात ते उताऱ्याबद्दल. फॉल्स लिहायचं तर उताऱ्यातलं जे वाक्य विधान खोडून काढतं त्याखाली रेघ मारता आली पाहिजे. रेघ मारायला वाक्यच मिळत नसेल तर नॉट गिव्हन.

त्याच परीक्षेत 'यस, नो, नॉट गिव्हन' असाही प्रकार येतो. दिसायला जुळा, पण तो लेखकाच्या मतांवर आणि दाव्यांवर असतो. 'ट्रू-फॉल्स' माहितीवर. म्हणजे तुम्ही विचारलेला भेद तिथे सूचनेतच छापलेला असतो. 'यस-नो' दिसलं की समासातली ले, वि ही अक्षरं कामाला येतात : विधान जुळतं, पण ते विरोधकाचं असेल तर उत्तर यस नाही.

---

समासातली_पेन्सिल

खाडीपलीकडे, धोका मान्य, पण विषय टाळून तो जाणार नाही. परीक्षेत शिक्षणावर, मोबाइलवर, हवामानावर उतारे येतात आणि त्यांवरही मुलांची मतं ठरलेलीच असतात. मी म्हणेन महिन्यातून एक उतारा मुद्दाम असा घ्या ज्यावर वर्गाचं मत पक्कं आहे आणि लेखक उलट बाजूचा आहे. वाचण्याआधी प्रत्येकाने आपलं मत एका ओळीत लिहून कागद घडी करून ठेवायचा. मग उतारा, मग प्रश्न. तपासताना कागद उघडायचा आणि चुकलेली उत्तरं त्या मताच्या दिशेने झुकली आहेत का ते बघायचं. स्वतःची चूक कुठून येते हे मुलाला दिसणं फार उपयोगी. बाकीच्या वेळी मात्र तुमचं ऐकावं, विषय लांबचा असावा.

---

देवगड_अभ्यासिका

सगळ्यांचे आभार, बरंच काही बदलावं लागणार असं दिसतंय. दोन गोष्टी अजून. शब्दांवर मराठी अर्थ लिहिणं बंद करायचं का? मुलांना त्याशिवाय धीर येत नाही. आणि लांबलचक वाक्य आलं की मुलं मध्येच हरवतात, त्याला काही उपाय?

---

वेंगुर्ल्याची_मास्तरीण

शब्दांवर अर्थ लिहिणं बंदच करा. दुसऱ्यांदा वाचताना नजर वरच्या मराठी ओळीवरच फिरते आणि इंग्रजी वाचलंच जात नाही. अनोळखी शब्दाखाली फक्त ठिपका. उतारा संपल्यावर ठिपक्यांकडे परत : आधी तो नाम की क्रियापद ते ठरवायचं, मग आजूबाजूच्या वाक्यांवरून चांगल्या अर्थाचा की वाईट अर्थाचा, मग शब्दकोश. मताच्या उताऱ्यात नुसतं चांगलं की वाईट एवढं कळलं तरी निम्मे प्रश्न सुटतात. वहीत शब्द एकटा उतरवू नये, ज्या वाक्यात आला ते वाक्य उतरवावं.

धीर हवा म्हणता, तर प्रत्येक परिच्छेदाचा सार समासात मराठीत एका ओळीत लिहू द्या. माहितीच्या उताऱ्यात त्याने काही बिघडत नाही. मताच्या उताऱ्यात सांभाळून, कारण 'मे'चं मराठी घाईत 'होतं' असं होऊन जातं. 'होऊ शकेल', 'व्हायला हवं', 'होतं असं म्हणतात' यांतलं नेमकं कुठलं, हे तुम्ही प्रत्येक ओळीवर विचारत राहा.

लांब वाक्याचं असं : आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून मुलं शेवटची वाट बघत बसतात. इंग्रजीत कर्ता आणि त्याचं क्रियापद लवकर येतात, पण दोघांच्या मध्ये 'विच', 'हू', 'दॅट' यांनी सुरू होणारं शेपूट घुसतं. आधी स्वल्पविरामांमधला आणि 'विच', 'हू'ने सुरू होणारा भाग कंसात टाकायचा. कंसाबाहेर उरलेलं वाक्य वाचायचं, त्यातल्या कर्त्याखाली एक रेघ, क्रियापदाखाली दोन. ते कळलं की कंस एकेक करून उघडायचे. चाळीस शब्दांच्या वाक्यात कंसाबाहेर कधीकधी आठ-दहाच शब्द उरतात. रोज एकच वाक्य फळ्यावर घ्या, पाच मिनिटं, जास्त नको, कंटाळतात.

'दिस', 'सच', 'द फॉर्मर', 'द लॅटर' यांतून निघणारा बाण मागे नेमक्या शब्दापर्यंत न्यायचा. लांब उताऱ्यात मुलं हरवतात ती बऱ्याचदा याच शब्दांपाशी.

---

प्रश्नपेढी

प्रश्न काढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

माहितीच्या उताऱ्यावर आठ प्रश्न : दोन थेट माहितीचे, तीन कारण-परिणामाचे, एक 'दिस' किंवा 'दे' कोणाबद्दल आहे त्याचा, एक शब्दाच्या संदर्भातल्या अर्थाचा, एक शीर्षकाचा. मताच्या उताऱ्यावर : एक मुख्य म्हणण्याचा, दोन कारणांचे, एक विरोधकांच्या म्हणण्याचा, एक लेखक काय गृहीत धरतो त्याचा, एक कोणत्या नव्या माहितीने त्याचं म्हणणं लंगडं पडेल त्याचा, एक सुराचा, एक शब्दाचा. गृहीतकाचा प्रश्न काढणं सगळ्यांत जड जातं. सोपी रीत म्हणजे लेखकाचं कारण आणि निष्कर्ष शेजारी लिहायचे आणि मधे कोणतं न लिहिलेलं वाक्य घातल्यावर ते जुळतात ते पाहायचं. वरच्या मासेमारीच्या वाक्यात न लिहिलेलं वाक्य असं : बंदी नसेल तर मासळी संपत जाईल. ते मान्य नसणाऱ्याला लेखकाचं म्हणणंही मान्य होणार नाही.

चुकीचे तीन पर्याय उगाच उचलून टाकू नका. एक उलट्या बाणाचा किंवा विरोधकाच्या तोंडचा, एक जोर वाढवलेला, एक खरा पण उताऱ्यात नसलेला. मुलाने कुठला निवडला यावरून त्याचं दुखणं कळतं. चुकांची वही याच तीन खणांची करा, चौथा खण शब्द न कळल्याचा. दहा उताऱ्यांनंतर ज्या खणात गर्दी असेल, पुढचे उतारे त्यासाठी.

सुराच्या प्रश्नात 'इन्डिफरंट' हा पर्याय भरतीला असतो. ज्याला काही पडलेली नाही तो आठशे शब्द कशाला लिहील? 'क्रिटिकल', 'स्केप्टिकल', 'कॉशस', 'ॲम्बिव्हॅलंट', 'सार्कॅस्टिक' एवढे पाच उदाहरणांसकट पक्के करा. अवतरणचिन्हात टाकलेला साधा शब्द किंवा 'सो-कॉल्ड' दिसला तर उपरोधाचा संशय घ्यायचा.

चॅटबॉटकडून प्रश्न काढून घेणार असाल तर घ्या, पण तपासून. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब आणि गुळमुळीत आहे का ते आधी पाहा. पक्की चाचणी अशी : उतारा न देता नुसते प्रश्न दोन-तीन मुलांना सोडवायला द्या. चार पर्यायांत नशिबाने आठातले दोन बरोबर येतात. पाच-सहा आले तर प्रश्न उताऱ्याशिवायच सुटतात, टाकून द्या. खाडीपलीकडे म्हणतात तो स्थानिक विषयांचा घोळही याच चाचणीत पकडला जातो.

आणि बँकवाल्यांना आयईएलटीएसच्या मुलीपासून एका बाबतीत वेगळं वागायला सांगा. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापतात. दोन पर्याय खोडता येत असतील तर उत्तर द्यावं, एकही खोडता येत नसेल तर सोडावं. आयईएलटीएसमध्ये चुकीला गुण कापत नाहीत, तिने चाळीसातली एकही जागा कोरी ठेवू नये.

---

देवगड_अभ्यासिका

उतारा न देता प्रश्न सोडवून घेण्याची चाचणी आमच्या जुन्या प्रश्नांवर उद्याच घेतो. पत्रांसाठी वाचनालयात सांगून ठेवलं आहे. वाचकांच्या पत्रांवरही आठच प्रश्न काढायचे का?

---

प्रश्नपेढी

नाही, पत्राला तीन पुरे. म्हणणं, कारण, जोर.